‘सवय होईल’ म्हणत गळ्यात मारलेली एटीव्ही

आमचं शेत शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. वरचा तुकडा घरापासून दीड किलोमीटर. मध्ये नाला, आणि नाला ओलांडला की लगेच चढ. आबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी केळीला पाणी पोचलं की नाही हे बघायला ते रोज वर जातातच. म्हणून डिसेंबरात मी जुनी एटीव्ही घेतली, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. १२५ सीसी, तीन गिअर पुढचे, एक रिव्हर्स. धुळ्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून, ७२ हजार रोख मोजून.

हँडलला क्लचचा लिव्हर नाही हे बघूनच मी गोंधळलो होतो. मोटारसायकल वीस वर्षं चालवतोय, पण हे प्रकरण वेगळं. यात क्लच आपोआप धरतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि चाकांना ओढ मिळते, फेरे उतरले की क्लच सुटतो. डाव्या पायानं गिअर दाबला की त्याच दाबानं क्लच तेवढ्यापुरता मोकळा होतो. म्हणून रेस पूर्ण सोडायची, लिव्हर शेवटपर्यंत दाबायचा, पाय उचलायचा आणि मगच रेस द्यायची. एवढं मी त्या व्यापाऱ्याकडूनच शिकलो, आणि त्याला कळलं की गिऱ्हाईक कोरं आहे.

सकाळी आठला, थंड इंजिनावर, त्याच्या सपाट अंगणात मी दोन फेऱ्या मारल्या. दुसरा गिअर एकदा पडलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “भाऊ, तुम्हले सवय नही शे आजून. चार दिन चालाडा, मंग हात बशी जाई.” मला ते पटलं, कारण सवय खरंच नव्हती. तेल बघितलं, तर मधासारखं स्वच्छ. गाडी जपलेली दिसते, असं वाटलं. जुन्या गाडीत एवढं नितळ तेल म्हणजे ते काल-परवाच ओतलंय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथल्या तिथे. फोन केला की उत्तर ठरलेलं: सवय होईल. बायको म्हणाली, गाडीत काहीतरी आहे. मी तिचं ऐकलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मग तो दिवस. मागे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या, आबा गाडीवर, मी बाजूनं पायी. नाल्याच्या चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज चढला, जळका वास सुटला आणि गाडी थांबली. घाबरून आबांनी रेस सोडली. आपोआप क्लचच्या गाडीत रेस सोडली की चढावर तिला धरून ठेवणारा फक्त ब्रेक असतो. गाडी नाल्याकडे मागे घसरू लागली. मी मागच्या कॅरिअरला खांदा लावला, आबांना ब्रेक सापडला, म्हणून वाचलो. दोन पावलं आणखी गेली असती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

शिरपूरच्या मेकॅनिकनं तेल सोडलं. मधासारखं होतं ते दोन आठवड्यांत काळं झालेलं, त्यात क्लच प्लेटांची भुकटी. कव्हर उघडलं, तर प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत आणि जळून निळ्या. स्प्रिंगांखाली चार वॉशर कोंबलेले. मरत आलेला क्लच आठ-दहा दिवस ओढेल, म्हणजे गाडी विकून होईल, एवढीच ती सोय. गिअरचा लिव्हर दांड्याला वेल्डिंग करून वरून काळा रंग मारलेला, कारण दांड्याचे दातेच गेले होते. दुसरा गिअर का पडत नव्हता, ते तेव्हा कळलं. मेकॅनिकनं विचारलं, “भाऊ, हाई कोनी दिन्ही तुम्हले?” मला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही अशी गाडी बघायला गेलात तर इंजिन अर्धा तास तापू द्या आणि मागे वजन ठेवून चढावर न्या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रेस वाढवल्यावर आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. गिअरात टाकून रेस न देता उभी करा. ती आपोआप पुढे सरकत असेल तर क्लच नीट सुटत नाही, किंवा इंजिनाचे फेरे मुद्दाम चढवून ठेवलेत. क्लच कव्हरवर क्लच जुळवायचा नट आणि त्याच्या मध्ये स्क्रू असतो, त्याची धार खाल्लेली दिसली तर कोणीतरी तो पुन्हा पुन्हा फिरवलाय. गिअरचा लिव्हर जिथे दांड्यावर बसतो तिथे नख घासून बघा, रंगाखाली वेल्डिंग लपवलेलं असू शकतं. आणि ब्रेक आधी बघा, क्लच नंतर. तेल ओल्या, म्हणजे इंजिनाच्या तेलातच चालणाऱ्या क्लचचं, डब्यावर जासो एमए लिहिलेलंच घाला. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी चांगला क्लचसुद्धा घसरतो.

माझी दुसरी चूक कागदाची. माझ्या गाडीला आरसी बुक नाही. मग मालकी दाखवायला उरतं फक्त बिल, आणि मी चिठ्ठीवर भागवलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण समोरचा व्यापारी आहे आणि पैसे त्यालाच दिले, हे दाखवावं लागणार. चिठ्ठीवर त्याची सही आहे, दुकानाचं नाव नाही. त्याच्या जाहिरातीचे फोटो मी फोनमध्ये ठेवले होते, तेवढाच आधार.

आबा सध्या काठी टेकत वर जातात. चार वॉशर, जळक्या प्लेटा आणि ती चिठ्ठी एका पिशवीत बांधून मी कपाटात ठेवली आहेत. सोमवारी ती घेऊन धुळ्याला वकिलांकडे जायचं आहे.