जुनी शिकारी रायफल घ्यायचीय: ३१५ ची ली-स्पीड की ३१८ ची वेस्टली रिचर्ड्स?

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनवर तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे बऱ्याच जुन्या घरांमधली तिसरी रायफल डीलरकडे आली आणि त्यात काही विलायती शिकारी रायफली खरंच देखण्या आहेत. माझी एक जागा बारा बोअरच्या बंदुकीने अडवलेली, उरलेल्या एका जागेसाठी मी दोघींमध्ये अडकलो होतो. एक बीएसए या इंग्रजी कंपनीची ली-स्पीड, ३१५ बोअर (नळीच्या मापाचा आकडा), आणि दुसरी वेस्टली रिचर्ड्सची ३१८, मौजर ॲक्शनवाली (ॲक्शन म्हणजे काडतूस नळीत सारून बंद करणारी यंत्रणा). शिकार वन्यजीव कायद्याने बंद, तेव्हा कुठली किती लांब मारते हे सोडूनच द्या. आपण पैसे कशाचे मोजतोय, एवढंच बघायचं.

पहिल्या नजरेत ३१८ च आवडते. काळीभोर ब्ल्यूइंग (लोखंडावर गंजू नये म्हणून चढवलेला काळसर थर), दस्त्याला पॉलिश, डीलर म्हणणार एकदम नव्यासारखी. पण एवढी जुनी रायफल नव्यासारखी दिसली की मी आधी स्क्रूची भोकं बघतो. भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्यात म्हणजे बफ मारून, म्हणजे चाकावर घासून, पुन्हा काळी केलेली आहे. मग नळीवरचे बर्मिंगहॅमचे प्रूफ मार्क, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचे शिक्के, बघा, मुकुट आणि त्याखाली एनपी, बीपी अशी अक्षरं असतात. मी पाहिलेल्या ३१८ वर मुकुटाचा नुसता डाग उरला होता. लाकूडही घासलेलं, कारण जिथे लाकूड आणि लोखंड एका पातळीत हवं तिथे लोखंड वर आलेलं बोटाला लागत होतं.

ली-स्पीड याच्या उलट. ब्ल्यूइंग फक्त कोपऱ्यांत शिल्लक, बाकी सगळी तपकिरी, चेकरिंग (पकडीसाठी लाकडावर कोरलेली जाळी) हाताने झिजून गुळगुळीत. पण बीएसएचा तो एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफलींचा शिक्का इतका स्वच्छ की तिन्ही वेगळ्या मोजता येतात आणि नख फिरवलं तर अडतं. झिजलेली पण मूळची फिनिश ही नव्याने केलेल्या चकाकीपेक्षा जास्त किमतीची, हे जाणकार कुणीही सांगेल. फक्त ली-स्पीडचा दस्ता वेगळा असतो, आतून बोल्टने आवळलेला, तेव्हा तो हलतो का आणि पुढच्या लाकडाशी त्याचा रंग जुळतो का ते नक्की बघा, कारण दस्ता बदलणं सोपं आहे आणि बदललेले दस्ते मी पाहिलेत.

नळीच्या बाबतीत मात्र ३१८ उजवी होती, ते मान्य केलंच पाहिजे. जुन्या काडतुसांच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोप्यांमुळे नळीत खारट थर बसायचा, तो नुसत्या तेलाने निघत नाही, गरम पाण्याने धुवावा लागायचा, आणि त्यात आपला पावसाळा. ज्यांनी धुतली नाही त्यांच्या नळ्यांना खड्डे पडले. माझ्या ३१५ लाही थोडे आहेत, आटे (नळीच्या आतल्या पीळदार खाचा) मात्र धारदार. बघताना डीलरला आधी नळी कोरडी पुसायला लावा, तेलाखाली खड्डे दिसत नाहीत.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती. काडतुसं. किनॉक या इंग्रजी काडतूस कंपनीने ३१८ ची काडतुसं साठच्या दशकात बंद केली. परदेशात आज पुन्हा बनवलेली मिळतात, पण आपल्यासारख्या साध्या लायसनवाल्यापर्यंत ती पोचत नाहीत. मी विचारत फिरलो तेव्हा एका दुकानदाराने जपून ठेवलेलं जुनं पाकीट काढलं, पितळ हिरवं पडलेलं आणि एका काडतुसाच्या मानेला केसाएवढी चीर. वर सांगतो, ३१५ आणि ३१८ मध्ये फरकच किती, चालून जाईल. अजिबात नाही चालत! ३१५ हे मूळचं ऑस्ट्रियन मानलिखर काडतूस, बुडाला कडा असलेलं. ३१८ ला तशी कडा नाही आणि नावात ३१८ असलं तरी गोळीचा खरा व्यास ०.३३० इंच. आकडे शेजारचे म्हणून काडतुसं अदलाबदल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि ३१५ चं काडतूस आपल्या खडकीला बनतं. गंमत बघा, ३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला नको म्हणून इंग्रजांनी इथे त्यावर बंदी घातली, आणि त्या बंदीमुळेच ली-एन्फील्ड या त्यांच्या लष्करी रायफलीच्या धाटणीच्या ॲक्शनवर ३१५ ची रायफल निघाली. त्यामुळेच ही जुनी रायफल आजही रेंजवर नेता येते. लायसनच्या दोनातली एक जागा कधीच न वाजणाऱ्या रायफलीला द्यायला माझं मन तयार झालं नाही.

कुणी म्हणेल वाजवायचीच नाही, भिंतीवर लावायची आहे. ठीक आहे, पण निव्वळ जुनी आहे म्हणून लायसन सुटत नाही. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमातली सूट ही दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे, आणि चांगली नळी असलेली ३१८ त्यात बसत नाही.

तरी तुमची एक जागा मोकळीच असेल, मौजरची मजबुती आवडत असेल आणि प्रूफ मार्क शाबूत असलेली, बफ न मारलेली ३१८ दिसली तर जरूर विचार करा. फक्त वेस्टली रिचर्ड्सच्या नावाचे जे जादा पैसे मागतात त्यातून काडतुसं नसल्याचे कापून भाव करा, आणि डीलर तेवढं खाली येत नसेल तर शेजारची तपकिरी ली-स्पीड मागवून एकदा हातात घ्या.