बोलून लिहावं की टाइप करून?

सोसायटीची स्मरणिका निघायची आहे आणि ग्रुपवर रोज तोच प्रश्न येतो: लेख फोनला बोलून सांगायचा, की बसून टाइप करायचा? मी दोन्ही करून हात पोळून घेतलेत, म्हणून सांगतो.

टाइप करायला बसलं की आपल्या अंगात कारकून संचारतो. ठाण्याच्या पहिल्या गाडीवरचा माझा खर्डा असा होता: 'दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर प्रवासी रेल्वेसेवेचा शुभारंभ करण्यात आला.' यात चूक काही नाही, पण वाचणारा इथेच पान उलटतो. मग संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारताना तेच फोनला सांगितलं, तर आलं: 'म्हणजे बघ, १४ डबे, ४०० माणसं, आणि ओढायला तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान.' 'म्हणजे बघ' उडवलं की वाक्य छापायला तयार. बोलताना कोणी 'शुभारंभ करण्यात आला' म्हणत नाही. म्हटलंच, तर समोरचा विचारेल, 'कोणी केला?'

पण तलावपाळीचे हॉर्न काय ऐकतात! फोनने तिथल्या कौपिनेश्वराच्या देवळाचा 'कोपरी ईश्वर' केला. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स हार्बरच्या गाडीत तर नादच सोडा, घणसोली येईपर्यंत अर्धा लेख शेजारच्याच्या फोनवरच्या भांडणाचा झाला होता. शिवाय बोलताना माणूस फिरून फिरून तिथंच येतो. माझ्या दोन पानांतलं सव्वा पान कापावं लागलं.

माझ्या फोनवर पूर्णविराम आपोआप पडत नाहीत. सुरुवातीला वैताग आला, नंतर कळलं की हा फायदाच आहे. ते हाताने देत गेलं की कुठलं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलंच नाही ते लगेच दिसतं.

टाइपिंगचं बलस्थान वेगळं. परिच्छेद उचलून वर नेता येतो, आणि तिसरं वाक्य पहिल्याशी भांडतंय हे डोळ्याला दिसतं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा बोटांत बसलं की रोमन अक्षरांतून मराठी उठवायची कटकट जाते. तेवढा धीर नसेल तर फोनेटिकवर, म्हणजे त्याच रोमन अक्षरांवर, भागवा, वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

कागद-पेन? सुचलेलं टिपायला उत्तम. पण मग तो कागद टाइप कोण करणार? मीच.

तर निवड कशी करायची? आजीची आठवण, चाळीतून टॉवरमध्ये आलो तो दिवस, पहिल्या पावसात गळलेलं पार्किंग, असं काही असेल तर बोला. रिडेव्हलपमेंटमध्ये कार्पेट एरिया किती वाढतो, बिल्डरकडून मिळणारा एकरकमी कॉर्पस आणि नवं घर होईपर्यंतचं भाडं यांत फरक काय, हे समजावायचं असेल तर टाइपच करा. तिथे एक शब्द घसरला की पुढच्या मीटिंगला तुम्हालाच उभं करतात.

ज्यांचे अर्ज-विनंत्या लिहिण्यात जन्म गेले, त्यांनी मात्र विषय कोणताही असो, आधी बोलावं. ज्यांना घरचे 'आवर आता' म्हणतात, त्यांनी टाइप करावं.

आणि आकडे, सालं, नावं दोन्ही प्रकारांत हाताने तपासा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. माझ्या फोनने ते १९९३ लिहिलं होतं आणि मीही ते तसंच छपाईला देणार होतो.