कॅशलेस बिलावर सही करण्याआधी हे वाचा

श्रावणात बाबा आगरातल्या चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. "मागनं कोणी काठी मारली असं वाटलं," म्हणाले. मागे कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली. पाऊल खाली झुकायला हवं, ते हललंच नाही. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटली होती. आम्ही गुहागरहून त्यांना एका खासगी रुग्णालयात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाबा आज नीट चालतात. सर्जनबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार बिलाची आहे.

डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरचा माणूस म्हणाला, "कॅशलेस आहे, तुम्हाला एक रुपया भरायचा नाही, इथे सही करा." बाहेर पाऊस कोसळत होता, गाडी दारात उभी होती. मी पहिलं पान पाहून सही केली.

दोन महिन्यांनी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा कळलं की आमच्या ३ लाखांच्या कौटुंबिक पॉलिसीत १६ हजारच उरलेत. मग तपशीलवार बिल काढलं. त्यात 'टेंडन ट्रान्सफर' होतं आणि 'सूचर अँकर, २ नग, ५६,०००', म्हणजे शीर हाडाला धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या.

माझा मावसभाऊ पुण्यात अमेरिकन रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे बिलासाठी प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा देतो. तो म्हणाला, "तिकडे शीर नुकतीच तुटली असेल तर साध्या दुरुस्तीचा कोड २७६५०, ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडचा तुकडा, लावला तर २७६५२. कोड बदलला की पैसे बदलतात. ट्रान्सफर म्हणजे दुसरी शीर, बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याची, वळवून टाचेला जोडायची. ते सहसा जुन्या दुखापतीत, टोकं लांब गेली असली तर करतात. काकांची तर तीन दिवसांची होती. ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं त्याच्या नोंदी, मागव."

तोंडी मागून आठवडाभर फेऱ्या मारल्या. लेखी अर्ज दिल्यावर मिळाल्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात, हे अर्जातच लिहा आणि पोच घ्या.

नोट्समध्ये एवढंच होतं: टोकाला टोक जोडून टाके घातले. ट्रान्सफरचा, अँकरचा उल्लेखच नाही. अँकर हाडात बसवतात. मग तो एक्स-रेत का दिसत नाही, असं विचारलं तर रुग्णालयवाले म्हणाले, तो प्लास्टिकचा असतो, एक्स-रेत दिसत नाही. तसे अँकर असतात, ते खरंच. पण इम्प्लांटच्या पाकिटावरचा बॅच नंबरचा स्टिकर रुग्णाच्या कागदांवर चिकटवतात. बाबांच्या कागदावर ती चौकट कोरी होती. स्टिकर काढल्याची खूणसुद्धा नव्हती.

कोरी चौकट दाखवली तेव्हा उत्तर बदललं, "टायपिंगची चूक झाली." छप्पन्न हजारांची आणि न झालेल्या शस्त्रक्रियेची!

कॅशलेसमधला पैसा विमा कंपनीचा नसतो हो, तो आपल्याच पॉलिसीतून कमी होतो. घरातल्या पुढच्या आजारपणाचा असतो. तपशीलवार बिल आणि ओटी नोट्स शेजारी ठेवून ओळन् ओळ जुळवा, मगच सही करा. गाडी थांबेल.

मी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज केला आहे, आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवरही नोंद केली आहे. चौकशी चालू आहे. आईचं ऑपरेशन आम्ही आंब्याच्या पैशांतून केलं.