मज्जा, रक्त की नाळ? प्रत्यारोपणासाठी मूलपेशी निवडताना

डॉक्टरांनी मूलपेशी प्रत्यारोपण सुचवलं की घरातली सगळी चर्चा ‘दाता कोण’ यावर येऊन थांबते. पेशी कुठून काढायच्या हा प्रश्न मागे पडतो. पुढची कित्येक वर्षं रुग्णाला कशी जातील हे मात्र बऱ्याच अंशी त्यावरही ठरतं. अस्थिमज्जा, अंगात फिरणारं रक्त आणि बाळाची नाळ, तिन्हीकडे रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी मिळतात. फरक पडतो तो त्यांची संख्या किती आणि त्यांच्यासोबत येणारा टी-पेशींचा (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) गोतावळा केवढा, यामुळे.

त्याआधी एक टप्पा आहे: पेशी स्वतःच्या की दुसऱ्याच्या? मायलोमा आणि बऱ्याच लिम्फोमांत (हे रक्ताचे कर्करोग) स्वतःच्याच वापरतात. त्या काढून, डीएमएसओ हे पेशी वाचवणारं रसायन घालून अतिथंड गोठवतात, केमोचा जबर डोस देतात आणि मग पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच चढवतात. डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून खोलीत दिवसभर लसणासारखा वास राहतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण घरच्यांना ते आधी सांगायला हवं. स्वतःच्या पेशी शरीरावर हल्ला करत नाहीत, हा मोठा फायदा. मात्र उरलेल्या कर्करोगपेशींवरही त्या हल्ला करत नाहीत. म्हणून जास्त धोक्याच्या ल्युकेमियात दाता शोधावा लागतो.

मज्जा काढताना

दात्याला सहसा पूर्ण भूल देतात, पालथं झोपवतात आणि कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेत जाड सुई घालून सिरिंजने थोडी थोडी मज्जा ओढतात. एकाच जागेवरून जास्त ओढलं की मज्जेऐवजी नुसतं रक्त यायला लागतं. म्हणून सुईची जागा आणि खोली सतत बदलावी लागते. ही शिस्त ढिली पडली तर पिशवी भरलेली दिसते, पण आत पेशी कमी असतात. दात्याच्या दर किलो वजनामागे २० मिलीच्या वर मज्जा काढत नाहीत. रुग्ण धिप्पाड आणि दाता लहानखुरा असला की गणित इथेच अडतं. दात्याची कंबर काही दिवस, क्वचित काही आठवडे दुखते. काढलेली मज्जा ४ ते ६ आठवड्यांत भरून येते.

रक्तातून काढताना

इथे भूल नाही, शस्त्रक्रियागृह नाही. फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन, दर किलोला १० मायक्रोग्रॅम, रोज, चार-पाच दिवस. त्याने मूलपेशी मज्जेतून सुटून रक्तात येतात आणि पाचव्या दिवशी अफेरेसिस यंत्र त्या वेगळ्या काढतं. चार ते सहा तास लागतात, कधी दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. रुग्णाच्या दर किलोला किमान २० लाख सीडी-३४ पेशी (ही खूण असलेल्या मूलपेशी) हव्यात, ४० ते ५० लाख मिळाल्या तर उत्तम.

या दिवसांत दात्याची हाडं ठणकतात, डोकं दुखतं; इंजेक्शन थांबलं की काही दिवसांत ते जातं. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. हे लगेच सांगायचं: कॅल्शियम दिलं, यंत्राचा वेग कमी केला की थांबतं. सोसत बसलं तर स्नायू आखडतात. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आली तर मात्र तातडीने तपासून घ्यायचं. प्लीहा फुटणं अत्यंत विरळ असलं तरी जिवावर बेतू शकतं.

सिकलसेलच्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढताना फिल्ग्रास्टिम टाळतात. पांढऱ्या पेशी वाढून रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असतो, म्हणून तिथे प्लेरिक्सफॉर हे दुसरं औषध वापरतात. जुळता दाता नसलेल्यांसाठी हा मार्ग आता महत्त्वाचा झालाय. अशा पेशींत क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने बदल करून त्या परत देणाऱ्या कॅसजेव्ही उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

मग दोन्हींत काय निवडायचं?

‘रक्त लवकर तयार होईल ते चांगलं’ हा हिशेब अपुरा आहे. रक्तातून घेतलेल्या पेशी साधारण दोन आठवड्यांत रुजतात, मज्जेच्या पेशींना तीनेक आठवडे लागतात. पण रक्ताच्या पिशवीत टी-पेशी मज्जेच्या जवळपास दहापट येतात, आणि त्याच पुढे रुग्णाच्या अवयवांवर उठतात. २०१२ साली अनोळखी दाते असलेल्या ५५१ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कलम, म्हणजे दिलेल्या पेशी, न रुजण्याचं प्रमाण रक्तातल्या पेशी मिळालेल्यांत ३ टक्के, मज्जा मिळालेल्यांत ९ टक्के. दीर्घकालीन जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर केलेला हल्ला) मात्र ५३ विरुद्ध ४१ टक्के. दोन वर्षांनी जगलेल्यांच्या प्रमाणात ठोस फरक नव्हता.

दीर्घकालीन जीव्हीएचडी म्हणजे डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, साधी टूथपेस्टही झोंबेल असं तोंड, ताठर त्वचेमुळे सरळ न होणारी कोपरं, कधी आकसलेल्या श्वासनलिका. जगण्याचं प्रमाण सारखं असेल, तर हा फरक लहान मानू नये. ॲप्लास्टिक ॲनिमिया किंवा थॅलेसेमियात मारायला कर्करोगपेशीच नसतात, टी-पेशींच्या हल्ल्याचा काही उपयोग नसतो. तिथे मज्जाच पहिली पसंती. आजार उलटण्याची भीती मोठी असेल किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल आणि आठवडाभराचाही उशीर परवडणार नसेल, तर रक्ताकडे झुकावं.

नाळ, आणि अर्धा जुळणारा दाता

नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झालं. साठवलेली पिशवी लगेच मिळते आणि एचएलएचे (पेशींवरच्या ओळखखुणांचे) सहापैकी चार गुण जुळले तरी चालतं. अडचण संख्येची आहे: एका पिशवीत पेशी मोजक्याच, त्यामुळे लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला अनेकदा दोन पिशव्या लागतात. रुजायला चारेक आठवडे जातात आणि त्या काळात विषाणूंचे आजार छळतात. प्रयोगशाळेत संख्या वाढवलेल्या नाळपेशींच्या ओमिडुबिसेल या उपचाराने तुलनात्मक चाचणीत पांढऱ्या पेशी परतण्याचा मध्यक काळ २२ दिवसांवरून १२ वर आणला.

स्वतःच्या बाळाची नाळ खाजगी बँकेत ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: आनुवंशिक आजाराचं सदोष जनुक त्या रक्तातही असतं, आणि बालपणीच्या बऱ्याच ल्युकेमियांची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. भावंडाला ती पिशवी उपयोगी पडू शकते, त्याच बाळाला क्वचितच.

आई, वडील किंवा मूल अर्धंच जुळत असेल तरी आता दाता होऊ शकतं. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दर किलोला ५० मिग्रॅ सायक्लोफॉस्फामाइड देतात. खवळलेल्या टी-पेशी त्याने मरतात, मूलपेशी वाचतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी या पद्धतीचे ५७ टक्के आणि दोन नाळपिशव्या वापरलेले ४६ टक्के रुग्ण हयात होते. मोठ्या माणसासाठी म्हणूनच अर्धा जुळणारा नातेवाईक नाळेच्या आधी तपासावा. मात्र त्या दात्याच्या एचएलएविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं नाहीत ना, ही चाचणी आधी हवीच. ती सुटली तर कलम फेटाळलं जाऊ शकतं.

स्रोत कोणताही असो, कंडिशनिंगची, म्हणजे प्रत्यारोपणाआधीची जबर, केमो एकदा सुरू झाली की रुग्णाची स्वतःची मज्जा परत येईल याचा भरवसा राहत नाही. दात्याची तपासणी आणि मनापासूनची संमती त्याआधी पूर्ण झालेली असावी. जिवंत दात्याबद्दल जराही शंका असेल, तर पेशी आधी काढून, मोजून, गोठवून ठेवायला सांगावं.