चाली आमच्या, ध्वनिमुद्रण आमचे, मालकी मात्र कंपनीची

‘तुम्ही फक्त गाणी द्या, पैसे घरबसल्या येत राहतील,’ असे सांगत एका डिजिटल वितरण कंपनीने आमच्या अभंगांचे हक्क कसे लाटले, ते सविस्तर लिहितो आहे, कारण त्याच मसुद्याचा करार आमच्या ओळखीच्या आणखी एका भजनी मंडळापुढे ठेवला गेल्याचे नुकतेच कळले.

तुकोबांचे शब्द आज कोणाच्याही मालकीचे नाहीत. परंतु त्यांना आम्ही लावलेल्या चाली आमच्या आहेत आणि सांगलीत पदरचे पैसे घालून केलेले ध्वनिमुद्रणही आमचेच आहे. कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे हक्क आहेत: चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. एकदा केलेल्या गाण्यातून पुढे वर्षानुवर्षे मिळू शकणारे उत्पन्न या दोहोंतून येते. वितरकाचे काम एवढेच, की ध्वनिमुद्रण स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक अशा ठिकाणी पोहोचवायचे आणि त्याबद्दल शुल्क किंवा टक्केवारी घ्यायची. त्यासाठी मालकी बदलण्याचे काहीच कारण नसते.

आमच्यापुढे आलेला करार इंग्रजीत होता. शीर्षक वितरणाचे होते, आणि आतल्या पानावरच्या एका लांबलचक कलमात ध्वनिमुद्रण, चाली व ‘भविष्यात निघणारी सर्व माध्यमे’ हे सारे जगभरासाठी, कायमस्वरूपी, कंपनीच्या नावे होत होते. त्या कलमाचा अर्थ विचारला असता, ‘हे प्रत्येक करारात असते, त्याशिवाय प्लॅटफॉर्म गाणी घेतच नाहीत,’ असे प्रतिनिधीने ठामपणे सांगितले. हे धादांत खोटे होते.

आधी नोंदणीचे, मग ‘प्लेलिस्ट प्रमोशन’चे (गाणे ऐकण्याच्या याद्यांत घालून त्याचा प्रसार करण्याचे) पैसे घेतले गेले. सुरुवातीचे काही महिने खात्यात थोडीफार रक्कम येत राहिली. आज हिशेब मांडला तर ती आम्हीच भरलेल्या पैशांचा लहानसा अंश ठरते. दरमहा येणाऱ्या एक्सेल तक्त्यात एकच बेरीज असे. कोणते गाणे कोठे, कोणत्या देशात, किती वेळा ऐकले गेले, याचा पत्ता नसे. नीट अहवालात प्रत्येक गाण्यापुढे त्याचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळखखूण) असतो, आणि वितरक बदलताना तोच पुढे न्यावा लागतो, नाहीतर आधी जमलेली ऐकण्याची संख्या तुटते. तो मागितला तेव्हा टोलवाटोलवी सुरू झाली.

पुढे एका अभंगाचा आकडा एकाएकी फुगला. ऐकणारे दिसत होते ते ज्यांच्याशी आमचा काडीचाही संबंध नाही अशा परदेशी शहरांतले. थोड्याच दिवसांत कृत्रिम स्ट्रीमिंगच्या कारणावरून तो अभंग स्पॉटिफायवरून उतरवला गेला. ज्या प्रमोशनसाठी आम्ही पैसे मोजले, ते म्हणजे बॉटकडून, म्हणजे माणसाऐवजी आपोआप चालणाऱ्या संगणकीय प्रोग्रामकडून, गाणे वाजवून घेणे होते.

सर्वांत जिव्हारी लागले ते यूट्यूबवर घडले. आमच्याच ध्वनिमुद्रणाला दिंडीची दृश्ये जोडून आम्ही आमच्या वाहिनीवर टाकलेल्या व्हिडिओवर कंटेंट आयडीचा (हक्क असलेले ध्वनिमुद्रण आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा आला आणि दावेदार म्हणून कंपनीचे नाव झळकले. आम्ही हरकत नोंदवली. उत्तर देण्यासाठी दावेदाराला ३० दिवस असतात. ते संपत आले असताना कंपनीने दावा कायम ठेवला आणि विचारणा केल्यावर आमच्या सहीच्या कराराकडे बोट दाखवले.

वकिलांनी समजावलेली बाब प्रत्येक संगीतकाराला ठाऊक असायला हवी, असे मला कळकळीने वाटते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (हक्कधारकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) वगळता तो कोणाच्या नावेही करता येत नाही, आणि कराराने तसे लिहून घेतले तरी ते निरर्थक ठरते. ध्वनिमुद्रणाच्या मालकीला मात्र हे कवच नाही. हस्तांतराची मुदत करारात लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे मानतो. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घातला होता तो त्यासाठीच.

आता कंपनीला नोटीस गेली आहे, चालींची नोंद आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीकडे संगीतकाराच्याच नावे केली आहे, आणि पैशांच्या फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर मदत क्रमांकावर दिली आहे. ज्यांनी आपली गाणी अशा कोणाच्या हाती दिली असतील, त्यांनी स्पॉटिफायवर आपल्या गाण्याचे क्रेडिट्स उघडून संगीतकार म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे, आणि अल्बमच्या तळाशी वर्तुळातल्या ‘पी’ या, ध्वनिमुद्रणाचा हक्क दाखवणाऱ्या, चिन्हापुढे कोणाचे नाव छापले आहे तेही तपासावे. ते नाव परके असेल तर आणखी एकही गाणे न देता करार वकिलाला दाखवावा.