मुलाच्या नावाने द्यायचं, बांधकामाला द्यायचं, की घर चालवायला?

अनाथ मुलांच्या घरांना मदत करायचं मनात आलं की साधारण तीन फॉर्म पुढे येतात. एका मुलाच्या नावाने दर महिन्याला, नवीन घराच्या बांधकामाला एकरकमी, नाहीतर उभ्या असलेल्या घराच्या चालू खर्चाला दर महिन्याला. मी गेल्या बारा वर्षांत तिन्ही करून पाहिलंय. या घरांची पद्धत थोडक्यात अशी, आठ-दहा मुलं, त्यांच्यासोबत कायम राहणारी एक पगारी बाई जिला सगळे आई म्हणतात, आणि स्वतःचं स्वयंपाकघर. 1949 साली ऑस्ट्रियात इम्स्टला एसओएस बालग्राम या संस्थेचं पहिलं गाव सुरू झालं, तेव्हापासून आई, भावंडं, घर आणि अशा घरांचं मिळून गाव हे चार खांब बऱ्याच संस्थांनी थोड्याफार फरकाने उचललेत. मी दिलं त्या संस्था वेगळ्या आणि लहान आहेत, नावं घेत नाही.

बांधकामाचं पटकन सांगतो. ज्यांना एकदाच मोठी रक्कम द्यायचीय, कुणाच्या स्मरणार्थ द्यायचीय, त्यांना हे बरं पडतं. पायापासून स्लॅबपर्यंत फोटो येतात, दाराशी पाटी लागते, यात वाईट काहीच नाही, मीही आजोबांच्या नावाने दिलेत. पण विटांना देणारे जितके भेटतात तितके आईच्या पगाराला देणारे भेटत नाहीत. आमचं ते घर रंग देऊन, पंखे लावून तयार होतं आणि सात महिने त्याला कुलूप होतं, कारण तिथे कायमची राहील अशी बाई नेमायची तर पगाराची सोय नव्हती. तेव्हा देण्याआधी पहिल्या तीन वर्षांचा खर्च कुठून येणार एवढं विचारा, सरळ उत्तर मिळालं तर बिनधास्त द्या.

मुलाच्या नावाने देणं मात्र मनाला सगळ्यात जवळचं. मी सहा वर्षं एका मुलीचा स्पॉन्सर होतो. वर्षातून दोन पत्रं, एक फोटो. पहिल्या पत्रात नुसतं एक फूल काढलेलं आणि खाली घरातल्या आईने लिहिलेलं की हिला अजून अक्षरं येत नाहीत, आणि चौथ्या वर्षी तीच मुलगी मला भागाकार जमत नाही म्हणून कळवत होती. आमच्या घरात तिचा वाढदिवस कॅलेंडरवर असायचा. पैसे देणारा माणूस वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळेच, माझा हप्ता कधी चुकला नाही त्याचं कारणही ती पत्रंच.

मग सातव्या वर्षी एक पाकीट आलं. नेहमीपेक्षा जाड होतं म्हणून उभ्याउभ्याच फोडलं. आत छापील पत्र, त्यात पेनाने भरलेल्या दोन जागा. पहिलीत तिचं नाव, आणि पुढे ती आता संस्थेत नाही. दुसरीत एका मुलाचं नाव, आणि पुढे आपलं पालकत्व याच्याकडे वर्ग करण्यात आलं आहे. सोबत त्या मुलाचा फोटो, तोच निळा पडदा मागे ज्याच्यासमोर तिचे सगळे फोटो काढलेले. फोन केला तेव्हा कळलं की तिच्या मावशीला काम लागलं आणि तिने मुलीला घरी नेलं. म्हणजे याहून चांगली बातमी काय असणार! पण ती पत्रात कुठेच नव्हती. तिच्या जाण्याचं मला वाईट वाटलं नाही, त्या बदलीचं वाटलं, आणि अजून वाटतं. नवीन मुलाचा त्यात काय दोष, त्याचेही पैसे मी दिले, पण त्याला एकही पत्र मी मनापासून लिहू शकलो नाही आणि मुलांना हे कळतं.

त्यानंतर मी तिथे जाऊन आलो, दोन तास त्या घरात बसलो. नऊ मुलं. चौघांच्या स्पॉन्सरकडून पत्रं आणि भेटी यायच्या, दोघांचे फक्त पैसे, तिघांना कुणीच नाही. तिथल्या आईने एक पत्र्याचा डबा दाखवला, त्यात कुणाकुणासाठी आलेले खडू सगळे एकत्र ओतलेले, वरचे कागदही सोलून टाकलेले, कुणाचे कोणते ते ओळखू येऊ नयेत म्हणून. आम्ही नावानिशी पाठवत होतो आणि ती बाई बसून नावं पुसत होती. माझा निर्णय तिथेच झाला म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. जिथे पैसे डोक्यांवर मोजून येतात तिथे मूल घरी परत पाठवणं संस्थेला महाग पडतं. सगळ्या संस्था तसा विचार करतात असं माझं म्हणणं नाही, बहुतेक लोक जीव तोडून काम करतात. पण आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की निव्वळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून तोडू नये आणि भावंडांची ताटातूट करू नये, आणि घराच्या नावाने पैसे येत असतील तर हे पाळणं जरा सोपं जातं असा माझा अंदाज. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी तर ती तत्त्वं कुटुंबातच सोय बघा म्हणतात. रोमानियात बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेतल्या 136 बाळांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत दिली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली जास्त सावरली. त्यामुळे संस्था तान्ही बाळं घरांत भरतेय असं दिसलं तर मी थांबून विचारेन.

आता घराचा चालू खर्च. खरं सांगायचं तर फार रुक्ष प्रकार आहे. कुणाचं पत्र नाही, वाढदिवस नाही, तीन महिन्यांनी एक कागद येतो ज्यात गॅस, वह्या, दाताचा डॉक्टर, आईचा पगार, तिच्या रजेत येणाऱ्या मावशीचा पगार. ज्यांना नातं हवंय त्यांना हे पुरणार नाही, त्यांनी मुलाच्या नावानेच द्यावं, फक्त मूल घरी गेलं तर आम्हाला कसं कळवाल हे आधी विचारून घ्यावं. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या कागदात मी एकच ओळ आधी शोधतो, आई तीच आहे ना. एका घरात तीन वर्षांत चार आया झाल्या तर त्या मुलांनी चार वेळा आई गमावली, भिंती कितीही सुंदर असोत. आणि आई टिकते कशाने, तर वेळेवर पगार, हक्काची रजा आणि म्हातारपणाची काही तरतूद. याला फोटो निघत नाही म्हणून देणारे कमी.

निवडताना माझे प्रश्न ठरलेले आहेत. आई किती वर्षं आहे, रजेत कोण येतं आणि मुलं तिला ओळखतात का, भावंडं एकाच घरात आहेत का, अठरानंतर काय, आणि मुलं नातेवाइकांकडे परत जावीत म्हणून काही खर्च होतो का. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो तिथे मी जरा हात आखडता घेतो.

सध्या मी एकाच घराला देतो, पाचवं वर्ष आहे. गेल्या कागदात लिहिलं होतं की दोन मुली त्यांच्या मामाकडे राहायला गेल्या, तीन भावंडं नवीन आली, त्यातला धाकटा रात्री दिवा बंद करू देत नाही म्हणून पॅसेजमध्ये एक लहान बल्ब बसवला. आई तीच आहे. माझा आकडा तोच राहिला, कुठला फॉर्म बदलायला लागला नाही.