आजोबांची डायना २७: सात महिने आणि एक चामड्याचा वायसर

दसऱ्याला खंडेपूजनानंतर काकांनी आजोबांची छर्र्याची बंदूक, जर्मन डायना २७, माझ्याकडे दिली. ‘आम्ही पूजेपुरती काढतो, तू चालव’ म्हणाले. सिलिंडरच्या मागच्या टोकाला बारीक आकडे ठोकलेत, ०८ ६४, म्हणजे ऑगस्ट १९६४ ची. वरच्या शिक्क्यातल्या डायना देवीने धनुष्यबाण टाकून दिलंय आणि हातात बंदूक उंच धरली आहे.

पहिल्याच बाराला कानठळ्या बसल्या, नळीतून धूर आला. साठ वर्षांनंतरही एवढी ताकद! आठवडाभर मी सगळ्यांना कौतुक सांगत होतो. ते चुकीचं होतं. आमच्याकडे दर दसऱ्याला नळीत शिलाई मशीनचं तेल सोडायची पद्धत. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, तो हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की पुढ्यातलं तेल पेटतं. आवाज त्याचा होता, आणि असे बार वायसर (पिस्टनच्या तोंडावरची, हवा निसटू न देणारी चामड्याची वाटी) आणि स्प्रिंग दोन्ही खातात. तेल जळून संपलं तसा दहा मीटरवरचा छर्रा पुठ्ठ्यातच अडकू लागला.

दुरुस्तीवाल्याने ‘स्प्रिंग गेली’ म्हणून नवी, जाड स्प्रिंग घातली. मजुरीसकट २,८०० रुपये. बंदूक आता खांद्यावर उसळायची आणि छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखरायचे. वायसर त्याने बघितलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, जुना माल आहे, नवी घ्या. माझी जुनी स्प्रिंग परत मिळवायला तीन हेलपाटे घातले. घरी फरशीवर लोळवून पाहिली तर सरळ, कुठे वाक नाही. पैसे गेल्याचा राग अजून आहे.

मग आमच्या ओळखीच्या लेथवाल्याने बंदूक खोलली. हे घरी करू नका, स्प्रिंगवर ताण असतो, पिना काढल्या की मागचा भाग तोंडावर येतो. आतला वायसर पापडासारखा वाळला होता, बोटाने दाबला तर कडेचा तुकडा पडला. स्टोव्हच्या पंपात असतो तसाच वाटीच्या आकाराचा, फक्त मोठा. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या मामांकडून त्याच चामड्याचा तुकडा घेतला, ८० रुपयांना. पाण्यात भिजवून लेथवाल्याने साच्यात दाबला, दोन दिवस वाळवला, मग सिलिकॉन तेलात मुरवला. हे तेल सहजासहजी पेटत नाही. जुनीच स्प्रिंग परत घातली.

आता बार होतो तो मऊ, ‘ठप्प’ असा. दहा मीटरवर बसून मारलेले पाच चपट्या तोंडाचे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. चापाबद्दल मी आधी नाराज होतो, लांब ओढावा लागतो म्हणून. आता मत बदललंय. आत तीन पोलादी गोळ्यांवर पिस्टन अडतो, आणि चापाच्या दुसऱ्या टप्प्याला बोट टेकलं की नेमका कधी सुटणार ते कळतं.

छर्रा न घालता चाप ओढू नका, पिस्टन समोर आपटतो. भरून ठेवू नका. पाखरांवर तर नाहीच, कायद्याने गुन्हा आहे आणि माझ्या घरात ते चालणार नाही.

नळीच्या बुडाशी अजून थोडी हवा सुटते, टिश्यूचा तुकडा धरला की हलतो. तिथलाही छोटा वायसर चामड्याचाच आहे. मामांच्या तुकड्यातलं उरलेलं चामडं सध्या तेलात आहे.